आगगाडीचा मार्ग : आधीं कागदावर, मग फळीवर

खेळण्यांतील आगगाडीचे रूळ मांडणें हा पुष्कळांच्या आवडीचा उद्योग आहे. परंतु उत्साहाच्या भरांत प्रथम रूळ विकत आणावयाचे, ते फळीवर ठोकावयाचे आणि मग गाडी चढत नाहीं म्हणून इंजिनास दोष द्यावयाचा, असा प्रकार बहुधा घडतो. त्यांत वडिलांचा पैसा जातो आणि मुलाची हौसही मावळते. यास्तव मार्गाची आखणी कशी करावी व ती कशी सुधारावी, याचा थोडा विचार येथें करूं.

प्रथम जागा मोजावी. गंगापूर रोडवरील एखाद्या घरीं ८ फूट लांब व ४ फूट रुंद फळी मावते असें समजूं. खऱ्या गाडीच्या ८७ पट लहान असा नमुना जगांत फार प्रचलित आहे. १८ इंच त्रिज्येचीं वळणें घेऊन त्याचा लांबट वाटोळा मार्ग या फळीवर आखला, तर कडेची जागा सोडून त्याची लांबी सुमारें २२१ इंच भरते.

आतां या मार्गाखालून दुसरी गाडी जावी, अशी इच्छा होते. त्यासाठीं मार्ग ३ इंच उचलावा लागेल. चढ किती घ्यावा? मुंबईहून नाशिकास येतांना कसारा व इगतपुरी यांमध्यें थळ घाट लागतो. तेथें दर ३७ फुटांस १ फूट असा चढ आहे, आणि तो चढण्यास अनेक गाड्यांना मागून आणखी इंजिनें लावावीं लागतात. तोच चढ फळीवर घेतला, तर चढण्यास १११ व उतरण्यास १११ मिळून २२२ इंच लागतील. म्हणजे सगळा मार्ग चढउतारांतच संपला. स्थानकास सपाट जागा उरली नाहीं! पेन्सिलीनें हें गणित दोन मिनिटांत कळतें. रूळ उखडून कळण्यास सारी सुटी जाते.

अशा वेळीं निराश न होतां रबर हातीं घ्यावें. सर्व मार्ग ठोकळ्यांवर उचलून, वरचा रस्ता दीड इंच चढवावा व खालचा दीड इंच उतरवावा. मग प्रत्येकाचा चढउतार निम्मा होऊन स्थानकास जागा मिळते.

पुढें नकाशांतील एक रूळ तांबडा व दुसरा निळा रंगवावा. दोन रुळांतून वीज घेणाऱ्या गाडीचा मार्ग वळसा घेऊन पुन्हां स्वतःसच मिळत असेल, तर तांबडा रूळ निळ्यास भिडलेला कागदावरच दिसेल. प्रत्यक्षांत तेथें शॉर्ट सर्किट होऊन गाडी थांबते. त्या वळशाच्या दोन्ही टोकांस रुळांत फट ठेवून आंतील भागाचा प्रवाह निराळ्या बटनानें उलटवावा.

आखणी बदलण्यांत कमीपणा मुळींच नाहीं. थळ घाटाप्रमाणेंच बोरघाटाचा मार्गही जेम्स बर्कले या अभियंत्यानें आखला. परंतु तो १८६३ सालीं खुला होण्यापूर्वींच, १८६२ सालीं, ते निवर्तले. डोंगराच्या कड्यावर वळणास जागा नसल्यानें खंडाळ्याजवळ गाडी एका स्थानकांत नेऊन तेथून उलट दिशेनें पुढें काढावी लागे. ही योजना ६६ वर्षें चालली. १९२९ सालीं नवा मार्ग काढून ती बंद करण्यांत आली. म्हणून पहिली आखणी वाईट होती काय? नव्हे, त्या काळच्या साधनांस व जागेस ती योग्य होती. साधनें सुधारलीं, तेव्हां आखणीही सुधारली. लहान फळीवर वळणास जागा नसेल, तर तीच जुनी युक्ति आजही कामीं येते.

पुण्यास कर्वे रस्त्यावर श्री. जोशी यांचें छोट्या आगगाड्यांचें संग्रहालय १९९८ सालीं सुरू झालें. तें पाहण्यास जाल, तेव्हां केवळ गाड्यांकडे न पाहतां रूळ कोठें चढतात व कोठें मिळतात, तेंही न्याहाळावें.

पालकांस आमची एवढीच विनंति कीं, मुलाचा पहिला नकाशा पाहून 'हें जमणार नाहीं' असें म्हणूं नये. 'तुझी गाडी किती लांब? ती स्थानकांत मावेल काय?' असें विचारावें. उत्तर शोधतां शोधतां दुसरा नकाशा तो आपणच काढील, आणि तो पहिल्याहून खास चांगला असेल.