कुंडलिका कुठवर वाहते

जालन्याजवळ घाणेवाडीचा तलाव आहे, कुंडलिका नदीवर बांधलेला. तिथून निघालेली कुंडलिका शहरातून जाते, सीना नदीला सोबत घेते आणि पुढे दुधनेला मिळते. दुधना परतूरवरून सेलूजवळच्या निम्न दुधना धरणात शिरते. इथपर्यंतचा प्रवास उताराचा, शाळेच्या नकाशात बोट फिरवून दाखवता येईल असा. पण परतूर, मंठा आणि जालना तालुक्यांतल्या 176 गावांची पाण्याची ग्रिड योजना याच धरणावर बेतलेली आहे. म्हणजे जालन्यातून वाहून गेलेला थेंब पंपावर चढून मंठ्याकडच्या एखाद्या नळाखालच्या घागरीत पडू शकतो. मंठ्याची हक्काची नदी खरं तर पूर्णा. कुंडलिकेशी मंठेकरांचं नातं बांधलं ते पाइपांनी, आणि म्हणून जालनेकर तिच्याशी कसे वागतात हा मंठ्याच्याही काळजीचा विषय झाला.

घाणेवाडीचा तलाव निजामाच्या राज्यात, 1930च्या दशकात बांधला गेला. पुढाकार होता बेजनजी जालनावाला या पारशी गृहस्थांचा. तलाव शहरापेक्षा उंचावर, त्यामुळे पाणी वीज न जाळता आपोआप खाली येई. पुढे दर पावसाळ्यात शिवारातली माती वाहून आली आणि तलाव उथळ होत गेला. तेव्हा शहरातल्या काही नागरिकांनी घाणेवाडी जलसंरक्षण मंच उभा केला, वर्गणी गोळा केली, मशिनं लावली. गाळ शेतकऱ्यांनी आपल्या खर्चानं नेला. 2012च्या दुष्काळात तलाव कोरडा पडला, तेव्हा तळाशी उतरायला मोकळी वाट मिळाली.

इथला हिशोब मला फार आवडतो. गाळ ब्रासात मोजतात. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, ट्रॅक्टरची साधारण एक ट्रॉली. ती बाहेर पडली की मागे जवळपास 2,800 लिटर पाण्याची जागा उरते. आणि ती जागा एकदाच भरत नाही, तलाव जितक्या वेळा भरेल तितक्या वेळा भरते. तिकडे तोच गाळ मुरमाड रानात पडला की पाणी धरून ठेवतो, कारण काळ्या मातीतली बारीक चिकणमाती ओल मिळाली की फुगते आणि सहजी सोडत नाही. एकाच फेरीत तलाव खोल होतो आणि रान सुधारतं.

ही चिकणमाती मोठी दुतोंडी. तलावाच्या तळाशी ती झिरपा अडवते, म्हणून तलाव टिकतो. नदीच्या पात्रात नेमकं तेच काम ती करते आणि नदीला मारते. कारण आपल्या नदीचं खरं घर पात्राच्या खाली आहे.

ते पाहायचं असेल तर मंठ्याहून लोणारला जावं. उल्केनं पाडलेलं ते सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीचं विवर म्हणजे जमिनीत घेतलेला आयता छेद आहे. काठावर उभं राहिलं की लाव्हाचे थर एकावर एक रचलेले दिसतात, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. विहीर खोदणारे या थरांना नावानं ओळखतात. काळा पाषाण म्हणजे घट्ट, त्यात पाणी फक्त भेगांमधून फिरतं. मांजऱ्या म्हणजे बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या राहिलेला, झिजून मऊ झालेला. वर मुरूम. लोणारची धार भर उन्हाळ्यात वाहते, ती याच थरांतून पाझरलेल्या पाण्याची.

हा लाव्हाचा खडक, बेसाल्ट, मात्र मोठा कंजूष. एक घनमीटर झिजलेल्या बेसाल्टमधून उपसता येतं साधारण 20 लिटर पाणी, एक बादलीभर. पण तो पसरलाय केवढा! एका एकराखाली असा 10 मीटरचा थर असेल तर त्यात आठ लाख लिटर मावतं. त्याच एकरावर साडेसहाशे मिलिमीटर पाऊस पडला तर 26 लाख लिटर पाणी आभाळातून येतं. खडक रिकामा झाला असेल आणि पाण्याला मुरायला वेळ मिळाला, तर पावसाचा तिसरा हिस्सा पायाखाली राहू शकतो. तो वेळ देणं हेच बांधांचं काम.

यातूनच एक उलटी गोष्ट कळते. दिवाळीनंतर नदीत जे वाहतं ते पावसाचं पाणी नसतंच. आजूबाजूच्या विहिरींची पातळी पात्रापेक्षा उंच असते, म्हणून जमिनीतलं पाणी नदीत पाझरत राहतं. पातळी पात्राखाली गेली की नदी आटते, मग ती कितीही स्वच्छ असो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते, मे आणि ऑक्टोबरसकट. नदीच्या कामाचा निकाल तिथे लागतो. उद्घाटनाच्या फोटोत काहीच कळत नाही.

कुंडलिकेवर घाणेवाडीच्या खाली शिरपूर पद्धतीचं कामही झालं. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यात ही पद्धत रुजवली: नाला रुंद आणि खोल करायचा, वर बिनदाराचे सिमेंट बांध घालायचे. गाळाचं बूच काढून मांजऱ्यापर्यंत पोचलं तर ही पद्धत चमत्कार करते. पण पोकलेन हाताशी आहे म्हणून सरसकट खोदत सुटलं तर नदीचा चर होतो, आणि तो चर शेजारच्या विहिरींचंच पाणी ओढून घेतो. शहरात तर आणखी जपावं लागतं. गटाराचं पाणी बंद न करता पात्र खोल केलं की तेच पाणी खडकात मुरतं.

म्हणून छत्रपती संभाजीनगरच्या खाम नदीची गोष्ट इथे सांगावीशी वाटते. 2020-21च्या सुमारास महापालिका, छावणी परिषद, व्हेरॉक फाउंडेशन आणि इकोसत्त्व यांनी मिळून, नागरिकांना सोबत घेऊन, तिचं काम हाती घेतलं. कचरा उपसला, काठ मोकळे केले, बागा आणि चालायच्या वाटा केल्या. वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटच्या शहरांसाठीच्या पुरस्काराच्या अंतिम यादीत हे काम 2023-24 मध्ये पोचलं. खाम गोदावरीला मिळते, तिचं पाणी जायकवाडीत येतं आणि जायकवाडीचं पाणी पाइपानं जालन्याला.

खामच्या कामात वाटांवर आणि बसायच्या जागांवर जो खर्च झाला त्याला चैन म्हणणारे भेटतात. मला तसं वाटत नाही. बेशरम आणि वेड्या बाभळीच्या आड गेलेल्या नदीत रात्री घाण पाण्याचा टँकर कोण रिकामा करतो, ते कुणी पाहत नाही. जिथे सकाळी म्हातारी माणसं फिरतात, संध्याकाळी पोरं सायकली दामटतात, तिथे तो टँकरवाला दहादा विचार करतो. मंठ्याकडच्या, पूर्णेच्या काठच्या गावांना त्यासाठी बाग नको की कारंजी नकोत. पोळ्याला बैल धुवायला उतरता येईल असा उतार, चार पायऱ्या आणि करंजाची सावली, एवढ्यावर काम सुरू होतं.