हाताची घडी सोडून ऐकायचं गाणं

गाण्याच्या कार्यक्रमाला गेलं की शांत बसावं, मधे बोलू नये, असं आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं असतं. आज आपण ज्या मैफिलीविषयी बोलणार आहोत, तिथे श्रोते गप्प बसले तर गाणारीलाच चुकल्यासारखं होतं. ही मैफल आहे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या सोल आणि फंक संगीताची.

सोल आलं चर्चमधून. कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये प्रवचनकारानं एक वाक्य म्हटलं की समोरून लगेच ‘आमेन’ येतं, गायिकेनं ओळ टाकली की वृंद ती झेलतो. आपल्याकडे भजनात बुवांचा चरण टाळकरी उचलून धरतात, तसंच काहीसं. १९५० च्या दशकात रे चार्ल्स, सॅम कुक अशा गायकांनी ही गायकी प्रेमाच्या आणि विरहाच्या गाण्यांत आणली. देवाघरचा सूर नाचगाण्यात नेला म्हणून पुष्कळ भाविक रागावलेही. पण सवाल-जबाबाची सवय गाण्याबरोबर आली ती आलीच.

अरेथा फ्रँकलिन अशाच एका धर्मोपदेशकाची मुलगी. डेट्रॉइटमध्ये वडिलांच्या चर्चमध्ये ती लहानपणापासून गायची. ‘रिस्पेक्ट’ हे तिचं सर्वांत गाजलेलं गाणं मुळात ओटिस रेडिंग या गायकाचं, १९६५ चं. त्यात घरी परतणारा पुरुष बायकोकडून मान मागतो. १९६७ साली अरेथानं तेच गाणं बाईच्या तोंडी घातलं, आणि मागे साथीला स्वतःच्या बहिणी उभ्या केल्या. ती विचारते, बहिणी दुजोरा देतात. आमच्या मते गाण्याचा अर्थ शब्दांपेक्षा या दुजोऱ्यानं जास्त बदलला. एकटीची तक्रार राहिली नाही, चारचौघींची मागणी झाली.

आता टाळीचं सांगतो. मनात एक-दोन-तीन-चार मोजा. आपला हात सवयीनं ‘एक’वर, म्हणजे समेवर पडतो. तिथे टाळी ‘दोन’ आणि ‘चार’वर देतात. पहिल्यांदा हात अडखळतो, मग जमतं. फंकमध्ये आणखी एक गंमत आहे. जेम्स ब्राउन यांनी १९६० च्या दशकाच्या मध्यापासून सगळ्या वाद्यांचा भार ‘एक’वर आणला. गिटार काय, तुताऱ्या काय, सगळी जणू ढोलच. गाणं पुढे फारसं सरकत नाही, एकाच आवर्तनात घुमत राहतं. म्हणून टाळी ‘दोन’-‘चार’वरच ठेवा आणि पाऊल ‘एक’वर पडू द्या. बसून हे होत नाही, म्हणूनच तिथे लोक उभे असतात.

न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या अपोलो थिएटरमधला आपला कार्यक्रम ध्वनिमुद्रित करावा, असं ब्राउन यांना वाटत होतं. जुनीच गाणी पुन्हा कोण विकत घेणार, म्हणून कंपनीच्या मालकानं पैसे द्यायला नकार दिला. ब्राउन यांनी पदरचे पैसे घातले आणि २४ ऑक्टोबर १९६२ ला मुद्रण झालं. ती तबकडी प्रचंड खपली. त्यात बायकांच्या किंकाळ्या गाण्याइतक्याच स्पष्ट ऐकू येतात, आणि ब्राउन त्यांच्यासाठी थांबतात, त्यांना पुन्हा साद घालतात.

श्रोत्यांशी असलेलं हे नातं एकदा फार कामी आलं. ४ एप्रिल १९६८ ला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि शंभराहून अधिक शहरांत दंगे उसळले. दुसऱ्याच दिवशी बॉस्टनमध्ये ब्राउन यांचा कार्यक्रम ठरलेला होता. तो रद्द केला तर चिडलेले तरुण रस्त्यावर येतील, ही भीती होती. म्हणून नगरपालिकेनं तो होऊ दिला, आणि दूरदर्शनवरून थेट दाखवला, म्हणजे लोक घरीच बसतील. शेवटाकडे काही मुलं मंचावर चढली, पोलीस त्यांना ढकलू लागले. ब्राउन यांनी पोलिसांना मागे सरायला सांगितलं आणि मुलांना घरच्या वडीलधाऱ्यासारखं समजावलं. मुलं खाली उतरली, गाणं पुढे सुरू झालं. त्या रात्री बॉस्टन बरंचसं शांत राहिलं.

असा कार्यक्रम पाहायला मिळाला, अगदी मोबाईलवर का होईना, तर गाणारीच्या हातांकडेही बघा. अरेथा आपलं मानधन रोख आणि आधी घ्यायची. कृष्णवर्णीय कलावंतांचे पैसे बुडवणं तिथे नित्याचं होतं, ते पाहतच ती वाढली होती. ते पैसे तिच्या पर्समध्ये, आणि पर्स नजरेसमोर. २०१५ साली वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटरमध्ये समोर राष्ट्राध्यक्ष ओबामा बसलेले असतानाही ती पर्स घेऊनच मंचावर आली, पियानोवर ठेवली आणि गायला बसली.