गॅलरीतला उकिरडा

बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो म्हणतात. सुरतेतल्या उधन्याच्या गॅलरीत, झाकणाच्या बादलीत तो तीनेक महिन्यांत फिटतो!

स्वच्छ सर्वेक्षण २०२३ मध्ये इंदूर आणि सुरत यांनी पहिला नंबर मिळून पटकावला. जोडी झकास जमली, कारण कंपोस्टची जगभर गाजलेली पद्धत इंदूरचीच. शेण, पालापाचोळा, राख यांचे थर लावायचे, ढीग वरखाली करायचा, तीन महिन्यांत खत तयार. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात ती तिथे बसवली. या पद्धतीवरच्या १९३१च्या पुस्तकावर त्यांच्या जोडीला यशवंत वाड हे नाव आहे. ते आपल्या शाळेच्या पुस्तकांत यायलाच हवं.

उधन्यातल्या खानदेशी घरात कच्चा माल रोजच निघतो: केळीची सालं, मेथीच्या काड्या, भरिताच्या वांग्याची करपलेली साल. केळीच्या सालीत पोटॅश भरपूर. बारीक चिरून टाकली की लवकर कुजते. चहाचा चोथा मात्र आधी धुवा. दूध-साखर राहिली की मुंग्या आणि चिलटं आलीच. तेलकट उष्टं नकोच.

घरचा केरही नको, आणि हे खास उधन्यासाठी. लूमवरून कपड्यांना चिकटून येणारा धागा केरात असतो आणि सुरतेचा धागा बहुतेक पॉलिएस्टर. सुती चिंधी कुजते, पॉलिएस्टर वर्षानुवर्षं तसंच राहतं.

ओला कचरा एक वाटी, तर सुका दोन वाट्या: वाळकी पानं, फाडलेलं वर्तमानपत्र, नारळाच्या शेंड्या. सूक्ष्मजीवांना नायट्रोजनच्या २५ ते ३० पट कार्बन लागतो, तो या सुक्यातून मिळतो. मूठभर माल घट्ट दाबा. एखाददुसरा थेंब आला तर उत्तम. धार लागली तर सुका माल वाढवा आणि ढवळा. घाण वास येतो तो हवा कोंडल्यामुळे. सुरतेच्या पावसाळ्यात बादली पत्र्याखालीच हवी.

पांढरे तंतू दिसले तर खूश व्हा, काम जोरात चाललंय! करड्या, जाड अळ्या दिसल्या तरी घाबरू नका. त्या ब्लॅक सोल्जर माशीच्या. ती चावत नाही आणि तिच्या अळ्या कचऱ्याचा फडशा पाडतात.

मोठा ढीग ६० अंशांपर्यंत तापतो, त्यात बिया मरतात. बादली जेमतेम कोमट होते. म्हणूनच असं खत घातलेल्या कुंडीत टोमॅटोची रोपं न पेरता उगवतात.

खत झालं हे नाकाला कळतं. पहिल्या पावसाच्या मातीचा वास आणि पिकलेल्या खताचा वास, दोन्हींत जिओस्मिन हे एकच द्रव्य असतं.

मग चाळा. एक भाग खताला दोन-तीन भाग माती. चाळणीवर उरलेला जाडाभरडा माल फेकू नका, नव्या बादलीला तेच विरजण.