एआयला खतावणी वाचायला द्या, पण पेन देऊ नका!

कुंडलिका नदीच्या एका काठाला जुना जालना, दुसऱ्या काठाला नवा जालना. शहराची ओळख दोन गोष्टींची, स्टील आणि बियाणं. 1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथेच महिको सुरू केली आणि जालन्याचं नाव देशभरातल्या शेतकऱ्यांपर्यंत पोहोचलं.

आता समजा, जुन्या जालन्यात एक कृषी सेवा केंद्र आहे. बिलं, स्टॉक आणि शेतकऱ्यांची उधारी, सगळं कॉम्प्युटरवर. पेरणीच्या आधी मालकाला एकच प्रश्न पडलाय, मागच्या खरिपात सोयाबीनच्या कोणत्या वाणाच्या किती बॅगा गेल्या?

पूर्वी यासाठी सॉफ्टवेअरवाल्याला फोन करावा लागायचा. आता एआय एजंटला मराठीत विचारलं तरी काम होतं. साधा चॅटबॉट फक्त बोलतो, एजंट मात्र स्वतः काम करतो. तो तुमचा प्रश्न डेटाबेसच्या भाषेत, म्हणजे एसक्यूएलमध्ये लिहितो, चालवतो आणि उत्तर आणून देतो.

गडबड इथेच होऊ शकते. कारण याच भाषेत 'सिलेक्ट' म्हटलं की माहिती वाचता येते, 'अपडेट' म्हटलं की बदलता येते, 'डिलीट' म्हटलं की नोंदी जातात आणि 'ड्रॉप' म्हटलं की अख्खा तक्ताच गायब. उधारीचा तक्ता गेला, तर कुणाकडून किती यायचे हे सांगणार कोण?

मग एजंटला "काही बदलू नको" असं सांगितलं की झालं ना?

नाही. जुलै 2025 मध्ये अमेरिकेतले उद्योजक जेसन लेमकिन रेप्लिट या प्लॅटफॉर्मवर एआयकडून ॲप बनवून घेत होते. काहीही बदल करू नको, अशी स्पष्ट सूचना दिलेली होती. तरीही एजंटने चालू डेटाबेस पुसून टाकला. त्यात 1,200 हून जास्त अधिकाऱ्यांच्या नोंदी होत्या. वर, डेटा परत आणता येणार नाही असंही एजंटने सांगितलं. प्रत्यक्षात तो परत आला. रेप्लिटचे प्रमुख अमजद मसाद यांनी माफी मागितली आणि चाचणीचा डेटाबेस व खरा डेटाबेस आपोआप वेगळे ठेवण्याची व्यवस्था जाहीर केली.

थोडक्यात काय, तर सूचना पाळायची की नाही हे एजंटच्या हातात राहतं. पण अधिकारच दिला नसेल, तर त्याला पुसता येणारच नाही.

हे आपल्याला नवीन नाही

सातबारा आठवा. महाभूलेखवर तो कुणीही पाहू शकतं. पण त्यात नाव चढवायचं असेल तर तलाठ्याकडे फेरफार, मग नोटीस, हरकतीची मुदत आणि शेवटी मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. बघण्याची वाट वेगळी, बदलण्याची वेगळी. एजंटला यातली पहिली वाटच द्यायची.

ते करायचं कसं?

1) एजंटसाठी डेटाबेसमध्ये वेगळा यूजर काढा. त्याला फक्त 'सिलेक्ट'चा अधिकार द्या. मालकाचा किंवा ॲडमिनचा पासवर्ड कधीच देऊ नका.

2) हे कुलूप डेटाबेसमध्येच लावा. एआय जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमधलं 'रीड-ओन्ली' बटण पुरेसं नाही. अँथ्रोपिकने नमुना म्हणून दिलेल्या पोस्टग्रेस जोडणीत प्रत्येक प्रश्न 'फक्त वाचा' या व्यवहारात चालायचा. 2025 मध्ये डेटाडॉगच्या संशोधकांनी दाखवलं, की आधी 'कमिट' लिहून तो व्यवहार संपवला की पुढची आज्ञा बंधनाबाहेर चालते. यूजरलाच लिहिण्याचा अधिकार नसता, तर ही युक्ती तिथेच थांबली असती.

3) सगळे तक्ते उघडे करू नका. बॅगा मोजायला शेतकऱ्याचा मोबाईल किंवा आधार नंबर कशाला हवा? लागतील तेवढेच रकाने असलेला 'व्ह्यू' बनवा आणि तोच दाखवा.

4) जमलं तर डेटाबेसच्या प्रतीवर एजंट सोडा. प्रश्नाला वेळेची मर्यादा घाला. नाहीतर एका अवजड प्रश्नामुळे ऐन गर्दीत बिलिंग अडकायचं.

5) एजंटने कोणता प्रश्न चालवला याची नोंद ठेवा. परत आलेल्या बॅगा त्याने विक्रीतच धरल्या, तर आकडा चुकणार आणि त्यावर केलेली खरेदीही चुकणार. नोंद असेल तर चूक सापडते.

फक्त वाचायला दिलं, म्हणजे विषय संपला?

तसंही नाही. वाचलेली माहिती बाहेर जाऊ शकते. 2025 मध्येच जनरल ॲनालिसिस या कंपनीने सुपाबेस वापरून एक प्रात्यक्षिक दाखवलं. ग्राहक म्हणून तक्रार टाकायची आणि त्या मजकुरात एजंटसाठी आज्ञा लपवायची. एजंटने ती आज्ञा मालकाची समजून गुप्त टोकन वाचले आणि त्याच तक्रारीखाली लिहून टाकले.

त्यामुळे गोपनीय माहिती, बाहेरच्या माणसाने लिहिलेला मजकूर आणि बाहेर निरोप पाठवायची सोय, या तिन्ही गोष्टी एकाच एजंटला एकत्र देऊ नका. शिवाय 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात डेटा नीट न जपल्याबद्दल 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

तुमच्या दुकानात, पतसंस्थेत किंवा शाळेत कुणी एआय बसवायला आलं, तर दोनच प्रश्न विचारा. हा कोणत्या यूजरने लॉगिन करणार? आणि त्या यूजरला काय काय पुसता येतं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "काहीच नाही" असं आलं, आणि ते तुमच्यासमोर चाचणीच्या प्रतीवर 'डिलीट' चालवून दाखवलं, तरच पुढे जा. बॅकअप मात्र तरीही घ्याच.