बटण दाबण्याआधीचे काम

लग्नाचे फोटो काढणारा स्टुडिओ, सीएचे ऑफिस, आर्किटेक्टची कचेरी अशा ठिकाणी हल्ली कोपऱ्यात एक काळा डबा दिसतो. त्याला मॉनिटर नसतो, कीबोर्डही नसतो. पुढे दोन-चार खण, प्रत्येक खणात एक हार्ड डिस्क, मागे नेटवर्क केबलचे पोर्ट. सगळे त्याला ‘नास’ म्हणतात. सगळ्यांच्या फाइल्स एका जागी ठेवायच्या आणि प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवरून त्या उघडता यायला हव्यात, एवढेच त्याचे काम. खोक्यातून काढल्यापासून अर्ध्या तासात तो चालू होतो, असे विक्रेता सांगतो. त्यात खोटे काही नाही, पण त्या अर्ध्या तासाआधी दोन-तीन दिवसांचे काम असते आणि ते सहसा कोणी करत नाही.

पहिला प्रश्न डिस्कांचा. १९८८ साली बर्कलीच्या विद्यापीठात डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एक निबंध मांडला. एक महागडी मोठी डिस्क घेण्यापेक्षा अनेक स्वस्त डिस्का एकत्र बांधा, आणि त्यातली एखादी गेली तरी माहिती टिकेल अशी व्यवस्था करा, हा त्याचा गाभा. त्यालाच ‘रेड’ म्हणतात. चार टेराबाइटच्या चार डिस्का घातल्या, तर रेड ५ मध्ये बारा टेराबाइट वापरायला मिळतात आणि एक डिस्क मेली तरी चालते. रेड ६ मध्ये आठच मिळतात, पण दोन मेल्या तरी निभावते. गिऱ्हाइकाला बारा हवे असतात. माझे मत आठच्या बाजूने आहे. मेलेल्या डिस्कच्या जागी नवी घातली की उरलेल्या सगळ्या डिस्का पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात. मोठ्या डिस्का असतील तर हे काम दिवसभर, कधी त्याहूनही जास्त चालते, आणि बाकीच्या डिस्का तितक्याच जुन्या, बहुधा एकाच लॉटमधल्या असतात, त्यामुळे याच काळात दुसरीही जाऊ शकते. म्हणून चारही डिस्का एकाच दुकानातून एकाच दिवशी घेऊ नयेत. रेड ५ की रेड ६ हा निर्णयही आधीच पक्का करायचा, कारण रेड ६ वरून मागे फिरायचे झाले तर बहुतेक डब्यांत सगळे पुसून नव्याने मांडावे लागते.

डिस्क कोणती घ्यायची, यातही एक खोच आहे. काही डिस्कांवर माहितीच्या पट्ट्या मंगलोरी कौलांसारख्या एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात. जागा जास्त मिळते, पण मधले एक कौल बदलायचे तर शेजारची उचलावीच लागतात. एकट्यादुकट्या बॅकअपच्या डिस्कला हे चालून जाते. रेडमध्ये मात्र नवी डिस्क भरताना वेग पार बसतो. वेस्टर्न डिजिटलच्या खास नाससाठी विकल्या जाणाऱ्या ‘रेड’ (म्हणजे लाल; वरच्या रेडशी या नावाचा संबंध नाही) मालिकेतल्या काही डिस्का अशा आहेत, हे २०२० मध्ये उघड झाले. खोक्यावर तसे लिहिलेले नव्हते. त्यानंतर कंपनीने जुन्या पद्धतीच्या डिस्का ‘रेड प्लस’ या नावाने वेगळ्या केल्या. मॉडेल नंबर कंपनीच्या यादीत तपासून मगच पैसे द्यावेत.

डिस्का आल्या की ट्रेमध्ये बसवून प्रत्येकीची लांब चाचणी लावायची. ती पूर्ण पृष्ठभाग वाचते. चार टेराबाइटला सात-आठ तास, सोळा टेराबाइटला जवळजवळ एक दिवस लागतो. नव्या डिस्कमध्ये दोष असेल तर तो बरेचदा इथेच कळतो, म्हणजे दुकानदार बदलून देईल त्या मुदतीत. डबा ठेवायचा तो स्थिर, हवेशीर जागी. प्रिंटरच्या टेबलावर किंवा जनरेटरच्या भिंतीला लागून नको. हे वाचून हसू येईल, पण २००८ साली सन मायक्रोसिस्टिम्समधल्या ब्रेंडन ग्रेग यांनी डिस्कांच्या रांगेसमोर उभे राहून जोरात ओरडून दाखवले आणि त्या आवाजाच्या हादऱ्यानेच डिस्कांचे काम अडखळल्याचे आलेखावर दिसले.

आता केबल. गिगाबिट जोडणीला तारेच्या चारही जोड्या लागतात, शंभर मेगाबिटला दोनच. त्यामुळे क्रिम्पिंग करताना एखादी जोडी नीट बसली नाही तरी केबल चालते, फक्त गुपचूप शंभरवर उतरते. एक टेराबाइट माहिती अडीच तासांऐवजी पंचवीस तास घेते आणि दोष येतो डब्यावर. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त केबल बाजारात सर्रास मिळते. ती घेऊ नये.

डब्याचा आयपी पत्ता राउटरमध्ये राखून ठेवायचा. नाहीतर वीज जाऊन आली की राउटर त्याला दुसराच पत्ता देऊ शकतो आणि ऑफिसभर ‘सर्व्हर दिसत नाही’ अशी ओरड सुरू होते. पत्ता १६९.२५४ने सुरू होताना दिसला, तर डब्याला राउटरकडून काहीच मिळालेले नाही असे समजावे आणि आधी केबल पाहावी.

घरून फाइल उघडता यावी म्हणून राउटरमधून डब्याकडे थेट वाट काढून द्या, असा आग्रह होतोच. तो ऐकू नये. जानेवारी २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’ या खंडणीखोर प्रोग्रामने क्यूनॅप कंपनीचे इंटरनेटवर उघडे असलेले डबे गाठून फाइल्स कुलूपबंद केल्या आणि मालकांकडे ०.०३ बिटकॉइन मागितले. बाहेरून यायचेच असेल तर व्हीपीएनमधून यावे आणि ‘ॲडमिन’ नावाचे मूळ खाते आधी बंद करावे.

विजेबद्दल फार बोलत नाही. अर्थिंग तपासावे, यूपीएस लावावा. मात्र यूपीएसबरोबर आलेली यूएसबी केबल पुष्कळ ठिकाणी खोक्यातच पडून असते. ती डब्याला जोडली आणि सेटिंगमध्ये यूपीएस चालू केला तरच बॅटरी संपत आल्याचे डब्याला कळते आणि तो स्वतःहून नीट बंद होतो.

एवढे झाल्यावर रेड मांडण्याचे बटण दाबायचे, पण खऱ्या फाइल्स अजून टाकायच्या नाहीत. आधी दोन-चारशे गिगाबाइट बिनकामाच्या फाइल्स भरायच्या आणि डबा चालू असतानाच एक डिस्क बाहेर ओढायची. भोंगा वाजला का, मोबाइलवर मेल आला का, फाइल्स उघडतात का, हे पाहायचे. भिंतीवरचा स्विच बंद करून यूपीएसचीही अशीच परीक्षा घ्यायची. आणि एक फोल्डर मुद्दाम पुसून तो बाहेरच्या बॅकअपमधून परत आणून बघायचा, कारण पुसलेली फाइल रेड सगळ्या डिस्कांवरून एकाच क्षणी पुसतो. बाहेर बॅकअपच नसेल, तर आणखी एका डिस्कचे पैसे इथेच, काम सुरू होण्याआधी, मालकाकडून मंजूर करून घ्यावेत. नंतर ते मिळत नाहीत.