घेणें, देणें आणि इंग्रजांचें ‘टेक’

पाथरीच्या शाळेंतील विद्यार्थी म्हणतो, ‘आज परीक्षा दिली.’ त्याच दिवशीं त्याचे गुरुजी म्हणतात, ‘आज परीक्षा घेतली.’ मराठींत यांत कांहींच विसंगत नाहीं. परंतु हीं दोन वाक्यें शब्दास शब्द ठेवून इंग्रजींत उतरविलीं, कीं सारी उलटापालट होते. इंग्रजींत परीक्षा ‘टेक’ करतो तो विद्यार्थी आणि ‘गिव्ह’ करतो तो शिक्षक! ‘टेक’ म्हणजे घेणें, ‘गिव्ह’ म्हणजे देणें, असें पहिल्याच धड्यांत घोकलेल्या मुलाच्या वहींत अशा वेळीं तांबडी रेघ पडते. चूक वस्तुतः त्याची नसते, धड्याची असते.

पाथरी हें परभणी जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होतें. तेथील सरकारी कामकाजाची भाषा उर्दू. १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठांत शिक्षणाचें माध्यमही उर्दूच. इंग्रजी हा मात्र आवश्यक विषय. तेथवर पोंचलेल्या मराठी मुलाला ‘टेक’ चा अर्थ लावतांना दोन साक्षीदार हाताशीं असत: घरचें ‘घेणें’ आणि विद्यालयांतलें ‘लेना’. दोघांची जबानी अगदीं एक. उर्दूंतही विद्यार्थी ‘इम्तिहान’ देतो आणि उस्ताद तो घेतो. दोन भाषांनीं एकमुखानें दिलेली ग्वाही खोटी कशी मानावी? सुशिक्षित हिंदी लोकांच्या इंग्रजींत परीक्षेला ‘गिव्ह’ लावण्याची संवय आजही आढळते, ती या एकमतामुळेंच.

मराठीच्या दृष्टीनें परीक्षा ही परीक्षकाची. पारख करणारा तो घेणारा. ज्याची पारख व्हावयाची त्यानें उत्तरें द्यावयाचीं. इंग्रजीची दृष्टि निराळी आहे. समोर आलेली गोष्ट जो अंगावर घेतो, त्याच्याकडे ‘टेक’ जातें. मग ती परीक्षा असो, जोखीम असो किंवा नुसती विश्रांति असो. इंग्लंडांत परीक्षेसाठीं ‘सिट’, म्हणजे बसणें, हेंही क्रियापद चालतें. तेथें मात्र ‘परीक्षेला बसणें’ असें म्हणणाऱ्या मराठी मुलाला अडचण पडत नाहीं.

कांहीं ठिकाणीं दोन्ही भाषा इतक्या जुळतात, कीं शिकणारा बेसावध होतो. औषध घेणें, शपथ घेणें, सूड घेणें, चहा घेणें, सर्वत्र ‘टेक’ चालतें. गांव घेणें हेंही तसेंच, आणि याला पाथरीचाच दाखला आहे. सोळाव्या शतकाच्या आरंभीं पाथरी वऱ्हाडच्या इमादशाहीकडे होती. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचे पूर्वज पाथरीचे कुळकर्णी होते, असें फेरिश्ता या इतिहासकारानें लिहून ठेविलें आहे. पूर्वजांचें गांव म्हणून बुऱ्हाणला तें हवें होतें. बदल्यांत दुसरा मुलूख देऊं केला, तो इमादशहानें घेतला नाहीं. तेव्हां १५१८ सालीं त्यानें फौजेच्या बळावर पाथरी घेतली. या दोन्ही ‘घेण्यां’ना इंग्रजींत ‘टेक’ बिनधोक घालावें.

पण तोच न्याय मोटारीला लावूं नये. इंग्रज बस ‘टेक’ करतो तेव्हां तींत बसून जातो. पाथरीच्या बाजारांत कोणीं ‘बस घेतली’ म्हणून सांगितलें, तर ऐकणारा पेढे मागेल! कामाविषयीं बोलतांना इंग्रजींत काम वेळ ‘टेक’ करतें, मराठींत कामाला वेळ लागतो. छायाचित्र इंग्रज घेतो, मराठी माणूस काढतो. मुलगा आजोबांच्या वळणावर गेला, तर तेथेंही ‘टेक’ च, जोडीला ‘आफ्टर’. ‘टेक प्लेस’ म्हणजे जागा घेणें नव्हे, घडणें. ‘टेक इन’ ची तर कमालच आहे: निराश्रिताला घरांत थारा देणें हाही त्याचा अर्थ आणि एखाद्याला फसविणें हाही.

एवढा पसारा असलेलें हें क्रियापद मूळचें इंग्रजी नव्हे, याचें नवल वाटेल. आठव्या शतकाच्या अखेरीपासून स्कँडिनेव्हियाचे दर्यावर्दी इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरूं लागले. प्रथम लुटीसाठीं, पुढें वस्तीसाठीं. त्यांच्या भाषेंतलें ‘टाका’ म्हणजे घेणें. त्यानें इंग्रजीचें जुनें ‘निमान’ हें क्रियापद हळूहळू हुसकून लाविलें. त्याचें भावंड जर्मन भाषेंत ‘नेमेन’ या रूपानें सुखानें नांदत आहे. इंग्रजींत त्याची खूण ‘नम्ब’ या शब्दांत उरली. गारठलेलें बोट ‘नम्ब’, बधिर. म्हणजे मूळ अर्थानें ‘घेतलें गेलेलें’. चपळ या अर्थाचा ‘निम्बल’ त्याच घरचा. चटकन घेणारा तो ‘निम्बल’. नव्या क्रियापदाचाही गोतावळा वाढला. ‘मिस्टेक’ म्हणजे मुळांत चुकीचें घेणें. मराठींतही भलताच अर्थ ‘घेतात’. ‘अंडरटेकर’ म्हणजे एके काळीं कोणतेंही काम पत्करणारा. आतां तो केवळ अंत्यविधीची व्यवस्था करणारा उरला आहे.

उलट, मराठी ‘घेणें’ ची एक खुबी ‘टेक’ ला साधलेली नाहीं. ‘पाणी भरून घे’ म्हटलें, कीं पाणी स्वतःसाठीं. ‘भरून दे’ म्हटलें, कीं दुसऱ्यासाठीं. क्रिया एकच, लाभ कोणाचा तेवढें दुसरें क्रियापद सांगतें. उर्दूंत ‘लेना’, तेलुगूंत ‘कोनु’, कानडींत ‘कोळ्ळु’ हेंच काम करतात. म्हणजे जुन्या हैदराबाद संस्थानांतल्या चारही मोठ्या भाषांना ही युक्ति अवगत होती. इंग्रजीला येथें निराळे शब्द जोडावे लागतात. अपवाद एक, गुरुजींच्या ‘लिहून घ्या’ चा: त्याला इंग्रजींत ‘टेक डाउन’ असें चपखल रूप आहे. मात्र तेंच भिंतीवरच्या तसबिरीविषयीं उच्चारलें, तर ती खालीं उतरवावी लागेल.