शल्यचिकित्सेतील पदव्युत्तर प्रबंध : कालमर्यादा, प्रश्नाचा आवाका आणि मार्गदर्शकाची जबाबदारी

प्रस्तावना

एम.एस. (जनरल सर्जरी) हा तीन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम असून मान्यताप्राप्त मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली प्रबंध पूर्ण करणे हा त्याचा अनिवार्य भाग आहे. महाराष्ट्रात हे शिक्षण देणारी अनेक महाविद्यालये १९९८ मध्ये नाशिक येथे स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. जिज्ञासू वृत्ती, संशोधनपद्धतीचा परिचय आणि चिकित्सक विश्लेषणाची सवय विद्यार्थ्यामध्ये रुजावी, हा या प्रबंधाचा हेतू होय.

अन्य विद्याशाखांतील संशोधक प्रामुख्याने ग्रंथालयात, प्रयोगशाळेत किंवा क्षेत्रावर काम करतो. शल्यचिकित्सेचा विद्यार्थी मात्र वॉर्ड, शस्त्रक्रियागृह आणि आणीबाणीची ड्यूटी सांभाळून संशोधन करतो आणि त्याच्या अभ्यासाचा विषय प्रत्यक्ष आजारी माणूस असतो. त्यामुळे प्रबंधाचे यश विद्यार्थ्याच्या परिश्रमांपेक्षाही आरंभी निवडलेल्या प्रश्नाच्या आवाक्यावर अधिक अवलंबून राहते. प्रस्तुत लेखात याच मुद्द्याचे विवेचन केले आहे.

कालावधीचे गणित

लेखी व प्रात्यक्षिक परीक्षेच्या किमान सहा महिने आधी प्रबंध सादर करावा, अशी अट भारतीय वैद्यक परिषदेच्या २००० च्या पदव्युत्तर नियमावलीत होती. ती पुढेही कायम राहिली. म्हणजे ३६ महिन्यांपैकी शेवटचे सहा महिने प्रारंभीच वजा होतात. विषयनिवड, संशोधन आराखडा आणि संस्थात्मक नीतिमत्ता समितीची मंजुरी यांत पहिले सहा महिने जातात असे धरल्यास २४ महिने उरतात. २०२० च्या दुरुस्तीनुसार विद्यार्थ्याला जिल्हा निवासी कार्यक्रमात तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावे लागते. विश्लेषण व लेखनासाठी आणखी तीन महिने आणि शेवटच्या रुग्णाच्या पाठपुराव्यासाठी एक महिना राखून ठेवल्यास रुग्ण नोंदविण्यास जेमतेम १७ महिने मिळतात.

पाठपुराव्याचा कालावधी गृहीत धरणे हे शल्यचिकित्सेतील संशोधनाचे वैशिष्ट्य आहे. शस्त्रक्रियेच्या जागी होणारा जंतुसंसर्ग सामान्यतः ३० दिवसांपर्यंत मोजला जातो. हर्नियासारख्या काही शस्त्रक्रियांमध्ये खोलवरच्या संसर्गासाठी ही मुदत ९० दिवसांची आहे. टाके काढून रुग्ण गावी गेला की नोंद संपली असे मानल्यास घरी गेल्यावर चिघळलेल्या जखमा अभ्यासाबाहेर राहतात आणि निष्कर्ष वास्तवापेक्षा आशादायक दिसतो.

प्रश्नाचा आवाका

एका काल्पनिक उदाहरणाने हा मुद्दा स्पष्ट होईल. पोटाच्या आणीबाणीच्या शस्त्रक्रियेनंतर त्वचा लगेच शिवावी की काही दिवसांनी, या दोन पद्धतींची तुलना करावयाची आहे. एका पद्धतीत जंतुसंसर्गाचे प्रमाण २० टक्के व दुसरीत १० टक्के असेल असे गृहीत धरले, तर ५ टक्के सार्थकता पातळी व ८० टक्के सामर्थ्य यांसाठी प्रत्येक गटात सुमारे २०० म्हणजे एकूण ४०० रुग्ण लागतात. युनिटमध्ये अशा शस्त्रक्रिया महिन्याला दहाच होत असतील, तर १७ महिन्यांत १७० रुग्ण मिळतील. ४०० रुग्णांसाठी ४० महिने लागतील. संपूर्ण अभ्यासक्रम मात्र ३६ महिन्यांचा आहे.

अशा वेळी ६० रुग्णांवर तुलना उरकून ‘दोन्ही पद्धतींत फरक आढळला नाही’ असा निष्कर्ष काढला जाण्याची शक्यता असते. वस्तुतः फरक नसणे आणि फरक दिसण्याइतके रुग्णच नसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यापेक्षा प्रश्न लहान करणे अधिक शास्त्रीय ठरते. ‘या रुग्णालयात अशा शस्त्रक्रियांनंतर जंतुसंसर्गाचे प्रमाण किती?’ या प्रश्नाचे उत्तर अपेक्षित २० टक्क्यांच्या आसपास ८ टक्के कमीअधिक अचूकतेने मिळविण्यास सुमारे ९६ रुग्ण पुरतात. हे काम दहा महिन्यांत होऊ शकते आणि त्यातून मिळणारी माहिती त्या रुग्णालयाला प्रत्यक्ष उपयोगी पडते.

रुग्णाची संमती

शल्यचिकित्सेच्या प्रबंधात उपचार करणारा आणि संशोधन करणारा बहुधा एकच असतो. आपले पोट ज्याच्या हाती सोपवायचे आहे त्या डॉक्टरला नकार देणे रुग्णाला कठीण जाते. रुग्ण अशा प्रकारे डॉक्टरवर अवलंबून असेल, तर संमती त्या नात्याबाहेरील योग्य व्यक्तीने घ्यावी, असे हेलसिंकी जाहीरनामा (१९६४) त्याच्या सुधारित स्वरूपात सांगतो. संमतीपत्र रुग्णाला समजणाऱ्या भाषेत असावे आणि नकार दिल्यास उपचारांत फरक पडणार नाही, हे त्यात स्पष्ट असावे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे याच दिशेची आहेत. दोन उपचारपद्धतींची प्रायोगिक तुलना असल्यास २००७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय चिकित्सा-चाचणी नोंदवहीत नोंद करावी लागते. ती नोंद पहिला रुग्ण समाविष्ट करण्यापूर्वी व्हावी, असा तिथे एप्रिल २०१८ पासून नियम आहे.

मार्गदर्शकाची भूमिका

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या नियमावलीत संशोधनपद्धतीचा अभ्यासक्रम विद्यार्थ्यांना आवश्यक मानला आहे. तथापि अभ्यासक्रमातून मिळालेले ज्ञान आपल्या युनिटच्या वास्तवाशी जोडून देणे हे मार्गदर्शकाचेच काम होय. मागील वर्षाच्या शस्त्रक्रियागृहातील नोंदवहीवरून उपलब्ध रुग्णसंख्या तपासणे, संख्याशास्त्रज्ञाचा सल्ला आराखड्याच्या टप्प्यावरच घेणे आणि दरमहा मास्टर चार्ट स्वतः पाहणे, या तीन गोष्टींनी बऱ्याच अडचणी टळतात. चुकलेली मोजमापे तिसऱ्या महिन्यात दुरुस्त होऊ शकतात. शेवटच्या महिन्यात लक्षात आल्यास रिकामे रकाने अंदाजाने भरण्याचा मोह निर्माण होतो. विद्यार्थी जिल्हा रुग्णालयात असताना नोंदी कोण व कोणत्या निकषांनी घेणार, हेही आधी ठरलेले असावे.

समारोप

प्रबंध हा परीक्षेला बसण्यासाठी लागणारा कागद मानला, तर त्यासाठी दिलेला रुग्णांचा वेळ, रक्ताचे नमुने व विश्वास वाया जातो. उपलब्ध काळात, उपलब्ध रुग्णसंख्येत प्रामाणिकपणे उत्तर देता येईल असा लहान प्रश्न निवडणे हे न्यूनतेचे लक्षण नव्हे. शस्त्रक्रियेत कोठे थांबावे हे कळणे जसे कौशल्याचे अंग आहे, तसेच आपल्या माहितीतून किती सिद्ध होते व किती होत नाही हे कळणे हे संशोधनाचे. ही जाण तीन वर्षांत विद्यार्थ्यामध्ये निर्माण झाली, तर प्रबंधाचा हेतू सफल झाला असे म्हणता येईल.